खोडलेली होडी

चिलोए बेटाच्या ज्या टोकाला
चिखल कुठे संपतो आणि समुद्र कुठे लागतो
हे भरतीलाही नीट ठाऊक नसतं,
तिथे माझी एका खोलीची शाळा.
अकरा मुलं, एक शेगडी,
शेगडीवरच्या तारेवर अकरा जोड लोकरी मोजे.

गास्पार कार्कामो वाचतो
जसा उतारावरून बटाटा घरंगळतो.
मिनिटाला ब्याण्णव शब्द.
तपासनीस बाईंनी घड्याळ लावून मोजले
आणि त्याच्या नावापुढे निळी चांदणी चिकटवली.

एदिता लेपिओ अडखळते.
ओहोटीला शिंपल्या वेचणारी बाई
एकेक दगड उलटून बघते, तशी शब्दाशी थांबते.
तिला चांदणी नाही.
मागच्या बाकावर तिला मीच बसवलं,
दुसऱ्या कोणी नाही.

त्या मंगळवारी धड्यात तीनच वाक्यं होती.
संध्याकाळ झाली.
होडी परत आली नाही.
आईने दिवा विझवला नाही.

विचारलं, तर सगळे हात वर.
काय परत आलं नाही? होडी!
दिवा कोणी विझवला नाही? आईने!
बरोबर, बरोबर.
दुकानातून आणलेली पुडी
न सोडताच परत करावी, तशी उत्तरं.

मग म्हटलं, काढा.
वाचलंत ते काढा, अक्षर एकही नको.
मासेमारांच्या सोसायटीतल्या जुन्या हिशेबांचे
पाठकोरे कागद वाटले.

गास्पारने होडी काढली.
आणि काय होडी! पिवळी, शिडाची,
बाजूवर नाव रंगवलेली,
मागे फेस, वर तीन पक्षी, कागद पुरेना.
मी म्हटलं, ही परत आली का रे?
तो म्हणाला, होडीचाच धडा आहे ना, बाई?

आणखी नऊ होड्या. एक तर इंजिनाची.
बेर्नार्दाने संध्याकाळीसुद्धा
डोक्यावर हसरा सूर्य ठेवला होता.

एदिताच्या कागदावर धक्का.
खुंटाला दोर, त्याचं दुसरं टोक पाण्यात सुटलेलं.
खिडकी, खिडकीत पिवळं.
आत टेबलावर एक ताटली, तिच्यावर दुसरी उपडी.
आणि मधोमध, जिथे होडी हवी,
तिथे खरवडून पातळ झालेला मळकट कागद.

किती खोडतेस, भोक पडेल,
असं ओठांवर आलं होतं.
कागद खिडकीशी धरला
आणि उजेडात होडी दिसली,
वल्ह्यांसकट सगळी,
रंग नाही, रेघ नाही, नुसता पेन्सिलीचा दाब.
"आधी काढली," एदिता म्हणाली,
"मग नाही केली."

एकवीस वर्षं शिकवते आहे.
आमच्या भाषेत 'नो' क्रियापदाच्या आधी येतो,
दोन अक्षरांचं पायपुसणं;
पाय ठेवून सगळे आत जातात, बघत कोणी नाही.
तो काढून दाखवा असं मला कोणी म्हटलं असतं
तर मी एक फुली मारली असती.

"आणि ताटली? धड्यात ताटली कुठे आहे?"
"नाहीये," ती म्हणाली.
"पण दिवा विझवला नाही ना तिने."

गास्पार उठून आला.
तिचा कागद बघितला, मग स्वतःचा.
पिवळ्या होडीमागच्या फेसावर बोट ठेवून
जरा वेळ उभा राहिला.
मग पुस्तक उघडून मोठ्याने वाचायला लागला:
"संध्याकाळ झाली. होडी…"
थांबला.
मागे गेला. पुन्हा "होडी…"

"बाई," म्हणाला, "मग ती आहे कुठे?"

घड्याळ लावलं असतं
तर त्या मिनिटात त्याचे चार शब्दही भरले नसते.
बेर्नार्दाचा हात वर होता, तिला येत होतं.
मी शेगडीत लाकूड सारलं
आणि कोणालाच उत्तर सांगू दिलं नाही.